उन्हाळ्यात टेलिफोटोचे फोटो सॉफ्ट येतात: छोट्या मिररलेस कॅमेऱ्यावर दोष नेमका कुठे शोधायचा

तक्रार दरवर्षी मार्चपासून सुरू होते आणि शब्दसुद्धा तेच असतात. लेन्स ३०० ते ४०० मिमीची. सकाळी बोडीवर (छोट्या तळ्यावर) काढलेल्या बगळ्याचं एकेक पीस मोजता येतं. त्याच दिवशी अकरा वाजता, वावराच्या पलीकडच्या धुऱ्यावर बसलेला नीलपंख मात्र वितळल्यासारखा दिसतो. शटर १/२००० सेकंद होतं, ऊन लख्ख होतं, फोकसची चौकट हिरवी झाली होती, तरी फोटो शार्प नाही. मग लेन्स दुरुस्तीला जाते, "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी घेऊन परत येते, आणि प्रश्न तिथेच राहतो.

सॉफ्ट फोटो हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. हात हलला असेल तर शटर वाढवून फरक पडतो. हवा हलत असेल तर १/४००० लावूनही पडत नाही. म्हणून सेटिंग बदलत बसण्याआधी ब्लर कसा दिसतो ते नीट पाहायचं.

ब्लर ओळखायचा कसा

युरियाचं रिकामं पोतं घ्या. त्यावरची छापील अक्षरं लहान-मोठी असतात, कडा स्पष्ट असतात, आणि ते प्रत्येक घरी सापडतं. पोतं ताणून भिंतीला किंवा दोन खुंट्यांना बांधा. कॅमेरा बीनबॅगवर किंवा पक्क्या ट्रायपॉडवर ठेवा, स्टॅबिलायझर (हाताचं कंपन सावरणारी यंत्रणा) बंद करा, २ सेकंदांचा टायमर लावा.

१. सूर्योदयाच्या सुमारास १० मीटरवरून १० फ्रेम काढा. पाच पूर्ण उघड्या ॲपर्चरवर (लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्रावर), पाच एफ/८ वर. तुमच्या लेन्सचं पूर्ण उघडं ॲपर्चरच एफ/८ असेल तर दहाही त्यावरच.
२. पोतं तिथेच ठेवून दुपारी १२ नंतर ८० मीटरवरून बर्स्टमध्ये (एकामागोमाग सलग) १५ फ्रेम काढा.
३. सगळ्या फ्रेम कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच शार्प वाटतं.

पहाटेच्या फ्रेम स्वच्छ आहेत, दुपारच्या नाहीत, आणि दुपारच्या प्रत्येक फ्रेममध्ये अक्षरांच्या कडा वेगळ्या ठिकाणी नागमोडी झाल्यात, तर लेन्स निर्दोष आहे आणि दोष हवेचा आहे. सगळी अक्षरं एकाच दिशेला ओढली गेली असतील तर तो शेक, म्हणजे कॅमेरा हलल्याचा ब्लर. एकाच अक्षराला दोन कडा दिसत असतील तर स्टॅबिलायझर किंवा शटरचा धक्का. अक्षरं सॉफ्ट, पण पोत्याच्या पुढचं गवत किंवा मागची पऱ्हाटी शार्प असेल तर फोकस चुकला. धार आहे पण सगळ्यावर पांढुरकी साय चढल्यासारखी वाटते, तिथे फिल्टर, काचेवरची धूळ किंवा धूर. चौकटीची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी सतत सॉफ्ट, हे मात्र लेन्सच्या आतली काच सरकल्याचं किंवा ॲडॉप्टर (दुसऱ्या जातीची लेन्स बॉडीला जोडणारं कडं) तिरका बसल्याचं लक्षण आहे.

मार्च ते जूनमध्ये विदर्भात येणाऱ्या तक्रारींत पहिलं कारण, म्हणजे हवा, इतर सगळ्यांना मागे टाकतं. म्हणून त्याच्यावर जास्त बोलू.

गरम हवा

२४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर (छोट्या मिररलेसमधला नेहमीचा आकार) एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. ३५० मिमीला १०० मीटरवरची जेमतेम १.१ मिमी जागा एका पिक्सेलवर येते. ५० मिमीला हीच जागा जवळपास ८ मिमी होते. म्हणजे हवेने प्रकाशाला काही मिलिमीटर इकडेतिकडे ढकललं तर कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सला ते कळतही नाही, पण टेलिफोटोत तपशील तीन-चार पिक्सेल सरकतो. नवी लांब लेन्स घेणाऱ्याला लेन्सच खराब वाटते ती यामुळे. त्याच्या जुन्या लेन्सने हा प्रकार कधी दाखवलाच नव्हता.

काळी कापसाची जमीन नांगरून उघडी पडली की उन्हात भयंकर तापते. तिला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि लोटालोटाने वर उठते. गरम हवा प्रकाशाला कमी वळवते, थंड हवा जास्त. त्यामुळे हवेचा प्रत्येक लोट म्हणजे एक हलती, वाकडी-तिकडी काच होते. फोटोग्राफर आणि पक्षी यांच्यामध्ये अशा काचांची रांग लागते. जमिनीच्या अगदी जवळ हा खेळ सर्वात जोरात चालतो, जसजसं वर जावं तसतसा कमी होतो.

यातून एक गोष्ट निघते जी नेहमीच्या सल्ल्याच्या नेमकी उलट आहे. पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, जमिनीवर पालथे पडा, हे एरवी बरोबर. पण एप्रिलच्या उन्हात नांगरलेल्या वावरात पालथं पडलात की सबंध दृष्टिरेषा त्या सर्वात तापलेल्या थरातून जाते. तेव्हा उभे राहा. शक्य असेल तर मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर चढा, मचाण असेल तर मचाणावर जा. दोन-तीन मीटर उंचीनेसुद्धा फरक स्पष्ट दिसतो. मधली जमीन कोणती आहे तेही बघा: डांबरी रस्ता सर्वात वाईट, मग उघडं काळं वावर, मग पिवळं वाळलेलं गवत. ओलीत केलेल्या गव्हावरून किंवा उन्हाळी धानाच्या बांधीवरून काढलेला फोटो त्याच तासाला बराच बरा येतो.

वेळेबाबत: एप्रिल-मेमध्ये लांबच्या विषयासाठी सूर्योदयापासून साडेआठपर्यंतचा काळ धरा. नऊनंतर ४० मीटरच्या पलीकडचा विषय फक्त नोंदीपुरता काढावा. संध्याकाळी ऊन सोनेरी होतं म्हणून लोक फसतात. जमीन तोवर दिवसभराची उष्णता सोडतच असते, त्यामुळे संध्याकाळ सकाळची बरोबरी करत नाही. ढगाळ दुपार चालते. वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची सकाळ तर वाया घालवूच नका: धूळ बसलेली, जमीन थंड, हवा धुतलेली. आणि हा प्रश्न फक्त उन्हाळ्याचा आहे असंही नाही. डिसेंबरच्या कडक थंडीत पहाटे तलावाचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, तेव्हा पाण्यालगत तोच थरथराट दिसतो. पाण्यावर वाफ तरंगत असेल तर ऊन थोडं वर येऊ द्या.

सगळ्यात खात्रीचा उपाय अंतर कमी करणं. मधली हवा जितकी कमी, तितका बिघाड कमी. मेच्या दुपारीही १० मीटरवर, सावलीतून सावलीत काढलेला फोटो उत्तम येतो. कडुलिंब, आंबा किंवा मोहाच्या दाट सावलीत मातीचं पसरट भांडं पाण्याने भरून ठेवा, त्याच्याजवळ एक वाळकी फांदी रोवा, आणि ८ मीटरवर आडोशाला बसा. ३५० मिमीला ८ मीटरवर चौकटीची रुंदी साधारण ५४ सेमी भरते. २० सेमीचा बुलबुल त्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा घेतो, क्रॉप करायची वेळच येत नाही. भांडं रोज त्याच वेळी भरलं तर तीन-चार दिवसांत पक्षी सरावतात. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, कोंदट पाण्याने पाखरं आजारी पडतात. फोटो मिळाल्यावरही पावसाळा लागेपर्यंत पाणी ठेवणं थांबवू नका. ती पाखरं आता त्या भांड्याच्या भरवशावर असतात.

एक बिघाड अगदी लेन्सच्या तोंडाशी होतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. एसी चालू असलेल्या गाडीची काच खाली करून लेन्स बाहेर काढली की आतली थंड आणि बाहेरची ४४ अंशांची हवा बरोबर लेन्ससमोर मिसळते. एसी बंद करून दोन्ही बाजूंच्या काचा १५ मिनिटं उघड्या ठेवा, मग फोटो काढा. तापलेल्या बोनेटवरून कधीच नेम धरू नका. उन्हात तापलेल्या काळ्या हुडमध्येही (लेन्सच्या तोंडावरच्या नळीत) गरम हवा कोंडते. शंका आली तर हुड काढून पाच फ्रेम काढा आणि ताडून बघा. लेन्सवर कोरडा पांढरा दुपट्टा टाकून ठेवला तर ती कमी तापते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंशांपर्यंत दिलेली असते, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. त्यामुळे हा दुपट्टा बॉडीसाठीही गरजेचा आहे.

हवा खराब असतानाच फोटो घ्यावा लागला तर सिंगल ऑटोफोकसने एकदा फोकस लावा, तो पुन्हा हलू देऊ नका, आणि २०-३० फ्रेमचा बर्स्ट घ्या. हवा क्षणभर स्थिर होते. त्या क्षणाची एखादी फ्रेम बाकीच्यांपेक्षा चांगली निघते. कंटिन्युअस ऑटोफोकस अशा वेळी थरथरत्या कडांच्या मागे धावत राहतो. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारा जोड) लावू नका, तो थरथराटही मोठा करतो. सॉफ्टवेअरमधल्या डीहेझच्या (धुरकटपणा कमी करणाऱ्या) स्लायडरने रंग उजळतात, पण वाकलेली कड सरळ होत नाही. यासाठी महागडी लेन्स घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या, हवा तिलाही सोडत नाही.

शेक

पहाटेच्या फ्रेममध्येच ब्लर असेल तर इथून पुढे वाचा.

लेन्सची लांबी गुणिले सेन्सरचा क्रॉप (सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा किती पट लहान तो आकडा), हा किमान शटरचा जुना हिशोब आहे. एपीएस-सीला क्रॉप १.५, कॅननला १.६, ऑलिंपस-पॅनासोनिकच्या मायक्रो फोर थर्ड्सला २. सोनीची ७०-३५० मिमी घेतली तर ३५० × १.५ = ५२५, म्हणजे १/५००. आजच्या दाट सेन्सरवर हे पुरत नाही. १०० टक्के झूमला शार्प हवा असेल तर दुप्पट, १/१००० धरा. स्टॅबिलायझर असेल तर बसलेल्या पक्ष्याला १/२५० पर्यंत उतरता येतं, पण तो फक्त तुमचा हात सावरतो, पक्ष्याची मान नाही. चालणाऱ्या सारसाला १/५०० तरी लागतं, उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा जास्त.

आपल्या जोडीत स्टॅबिलायझर मुळात आहे का, हे अनेकांनी तपासलेलंच नसतं. सोनी ए६४००, निकॉन झेड ५०, कॅनन आर १० आणि आर ५० यांच्या बॉडीत तो नाही, लेन्समध्ये असेल तरच मिळतो. उलट ऑलिंपसची ७५-३०० मिमी लेन्स बॉडीतल्या स्टॅबिलायझरवर अवलंबून असते. ती तो नसलेल्या जुन्या पॅनासोनिक बॉडीवर लावली की दोन्हीकडून काहीच नाही.

पहाटेचा उजेड कमी असतो आणि या हलक्या लेन्स एफ/६.३ ते एफ/८ च्या. उजाडताना मोकळ्या माळावर एफ/६.३ आणि १/८०० हवं असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० च्या आसपास जातो, सागवनाच्या आत त्याच्या चौपट. लोक इथे घाबरून शटर खाली आणतात आणि फोटो गमावतात. दाणे सॉफ्टवेअरने कमी होतात, शेक कशानेच जात नाही. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि ॲपर्चर ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि वरची मर्यादा १२८०० ठेवा.

सफारीच्या जिप्सीत इंजिन चालू असताना लेन्स लोखंडी दांड्यावर टेकवली तर कंपन थेट लेन्समध्ये उतरतं. गाडी थांबली की चालकदादांना इंजिन बंद करायला सांगा, सोबतच्यांना अर्धा मिनिट हलू नका म्हणून विनंती करा, आणि मध्ये बीनबॅग ठेवा. ती घरी होते: जुन्या जीन्सच्या पायाचा ३०-३५ सेमी तुकडा, एक तोंड दुहेरी शिवलेलं, दुसऱ्याला चेन. आत २ ते सव्वादोन किलो हरभरा. पिशवी तीन चतुर्थांशच भरा, ठासून भरली तर लेन्स वरून घरंगळते. तांदूळ नको, कणी आणि पीठ शिवणीतून गळून कॅमेऱ्यावर बसतं. पावसाळ्यापूर्वी हरभरा काढून उन्हात वाळवा, नाहीतर त्यात सोंडे होतात.

स्टॅबिलायझर ट्रायपॉडवर बंद ठेवा. काही लेन्स स्थिर असतानाही हालचाल शोधत राहतात आणि दुहेरी कडा त्यातूनच येतात. हातात धरताना बटण अर्धं दाबून एक सेकंद थांबा, त्याला स्थिरावायला वेळ लागतो. १/६० ते १/२५० च्या दरम्यानच दुहेरी कडा दिसत असतील तर यांत्रिक शटरचा धक्का समजा आणि मेनूत इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरची सुरुवात पडद्याऐवजी सेन्सरने करणारा पर्याय) चालू करा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक, म्हणजे आवाज नसलेलं शटर फक्त बसलेल्या विषयाला वापरा. छोट्या बॉडींचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने सावकाश वाचला जातो, तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो आणि फोटोत तो वाकलेला येतो.

बॉडी छोटी, लेन्स मोठी

ए६४०० चं वजन ४०३ ग्रॅम. तिच्यावर २०० ते ६०० मिमीची लेन्स लावली तर ती एकटीच २ किलोच्या वर. अशी जोडी बॉडीला धरून उचलली की सगळा भार माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या, कड्यावर येतो. पट्टा लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या पाय असलेल्या कड्याला) लावा, ट्रायपॉडही कॉलरच्या पायालाच. ६००-६५० ग्रॅमच्या लेन्सला कॉलर नसते, तिथे डावा तळहात लेन्सच्या मध्याखाली, कोपर छातीला टेकलेलं. उजव्या हाताने फक्त बटण. बॉडी पकडून लेन्स पुढे लोंबकळू देणं हे शेकचं मोठं कारण आहे.

लेन्स माउंटवर गोल दिशेने किंचित हलते, ते चालतं. वर-खाली डुगडुगत असेल तर चालत नाही. ॲडॉप्टर असेल तर आधी संशय त्याच्यावर घ्या.

फोकस मागे जातो

३५० मिमी, एफ/६.३ आणि ८ मीटर अंतर, एवढ्यावर एपीएस-सीला फक्त १३ सेमी खोली शार्प मिळते. त्यामुळे फोकस वीतभर मागे गेला तरी पक्षी गेला. तुरीच्या काड्यांत किंवा बांबूत बसलेला पक्षी असेल तर रुंद चौकट सोडून सर्वात लहान स्पॉट घ्या. कॅमेरा मागच्या हिरव्यालाच चिकटला असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबून उपयोग नाही. पक्ष्याच्याच अंतरावरचं एखादं खोड धरा, त्यावर फोकस लावा, मग पक्ष्यावर या. किंवा रिंग हाताने जवळच्या बाजूला फिरवून मग ऑटोफोकसला काम द्या.

लेन्सवर अंतराची मर्यादा घालणारं बटण असेल तर ते रोज निघताना बघा. सोनीच्या २००-६०० वर ते १० मीटर ते अनंतवर राहिलं आणि पक्षी ६ मीटरवर आला, की कॅमेरा फोकस घ्यायलाच नकार देतो. यात बिघाड काहीच नसतो.

काच, धूळ, संपर्क बिंदू

स्वस्त यूव्ही फिल्टर काढून टाका. लांब लेन्सवर तो सर्वात आधी दगा देतो, संरक्षणाला हुड पुरे. वावरात पऱ्हाटी जाळत असतील त्या दिशेला नेम धरू नका, धुराचा पडदा कुठल्याच लेन्सला भेदता येत नाही. बाहेर येणारी झूम लेन्स प्रत्येक वेळी हवा आत ओढते, त्यामुळे चार-दोन कण आत दिसले तर काळजी नको, ते फोटोत येत नाहीत. जिप्सीत लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद, तोंड खाली, पिशवीच्या आत.

"लेन्स जोडली नाही" असा संदेश अधूनमधून येत असेल तर सोनेरी संपर्क बिंदूंवर घाम आणि माती बसलेली असते. बॅटरी काढा, लेन्स उतरवा, सुती नव्हे तर धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन पुसा, दोन मिनिटं वाळू द्या. खोडरबरने घासू नका, त्याचा चुरा माउंटमध्ये जातो.

ॲडॉप्टरवरची जुनी लेन्स

कॅनन ईएफ माउंटपासून सेन्सरचं अंतर ४४ मिमी, सोनी ई चं १८. मधला ॲडॉप्टर बरोबर २६ मिमीचा हवा. किंचित जाड असेल तर दूरचा विषय कधीच फोकसमध्ये येत नाही. किंचित पातळ असेल तर रिंग अनंताच्या पुढे जाते, ते चालतं, फक्त रिंग शेवटच्या टोकाला टेकवून फोटो काढायचा नाही. पूर्ण मॅन्युअल लेन्स असेल तर मेनूत "लेन्सशिवाय शटर" चालू करा, आणि बॉडीत स्टॅबिलायझर असेल तर लेन्सची लांबी हाताने भरा. २०० भरून ४०० ची लेन्स लावली तर तो निम्मंच सावरतो.

दुरुस्तीला पाठवण्याआधी चंद्र

पहाटेच्या पोत्यावर निकाल स्पष्ट लागला नाही तर शुक्ल अष्टमीची वाट बघा. त्या दिवशी सूर्य मावळताना चंद्र जवळपास डोक्यावर असतो. अंधार पडून तासभर होऊ द्या. दृष्टिरेषा सरळ वर जात असल्याने तापलेल्या जमिनीलगतचा थर तिच्यात फारसा येत नाही. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, आयएसओ ४००, एफ/८, १/२००, २ सेकंदांचा टायमर. फोकस मॅन्युअल, स्क्रीनवर मोठं करून. चंद्र आधी चौकटीच्या मध्यात ठेवून पाच फ्रेम, मग चारही कोपऱ्यांत नेऊन प्रत्येकी दोन.

उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवरची विवरं मध्यात कातीव दिसली आणि चारही कोपऱ्यांत सारखीच थोडी सॉफ्ट झाली, तर लेन्स चांगली आहे, पार्सल करू नका. एकाच कोपऱ्यात विवरं फासल्यासारखी दिसली तर मात्र काच सरकली आहे. ॲडॉप्टर असेल तर तो बदलून एकदा पुन्हा बघा, आणि मगच पाठवा. सोबत या तेरा फ्रेम द्या, त्यातला कोपरा कोणता ते लिहून.